ब्रेक्काला गरम पाणी आलं

रेक्याविक, ३ ऑक्टोबर १९८२

प्रिय हाल्बेरा,

काल फोनवर तू जे बोललीस त्यातलं निम्मं मला कळलं नाही. तुमच्या खोऱ्यात अजून सगळ्या घरांना मिळून एकच लाइन आहे, आणि आपण बोलायला लागलो की प्रत्येक घरात फोन उचलला जातो. काल त्यातला एक जण सारखा खोकत होता. औषध घे, म्हणून मी त्याला सांगितलं तर म्हणाला, “घेतलंय, बाई.” तेव्हा यापुढे घरातल्या गोष्टी पत्राने. दुधाची गाडी तुझ्या फाटकाशी थांबतेच, तिच्याबरोबर टपाल दे.

तर आपल्या जुन्या घरी, ब्रेक्काला, गरम पाणी आलं. मेलारला, थोर्लाकुरच्या शेतात, गरम पाण्याची बोअर लागली तेव्हा मला वाटलं होतं की ते पाणी मेलारच्या आसपासच फिरत राहणार. तुझं घर खोऱ्यातलं शेवटचं, मध्ये सगळी दलदल. पण पाइप आला, हे बरं झालं. आता तळघरातली घर तापवायची तेलाची भट्टी भंगारात दे. पायऱ्या उतरून ती साफ करायची नाही, काजळी खरवडायची नाही, तेलाचं जहाज बर्फात अडकलं की काय, म्हणून रेडिओला कान लावून बसायचं नाही. जमिनीखाली पाणी आपोआप उकळतंय, ते उद्या महाग झालं असं कोणी म्हणणार नाही. आंघोळीला हवं तेवढं पाणी. आपल्या आईला यातलं काहीही मिळालं नाही, हे लक्षात ठेव.

मात्र उधळपट्टी नको. इथे माझ्या इमारतीत लोक गरम पाण्याने खोली तापवणारे रेडिएटर पूर्ण सोडतात आणि मग उकडतं म्हणून खिडक्या उघडतात. भर जानेवारीत. मी जिन्यात पाटी लावली होती, ती कोणीतरी काढली. तू तसं करू नकोस. ज्या खोल्या वापरात नाहीत त्यांचे रेडिएटर बंद कर. वरची माझी खोली, बैठकीची खोली, ओद्दुरची जुनी खोली. मी माझ्याकडे हेच करते आणि माझं मीटर इमारतीत सगळ्यांत हळू फिरतं.

ओद्दुर परवा इथे येऊन गेला. तुझा मुलगा वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात एकच आहे. मागच्या हिवाळ्यात तू तळघराच्या पायऱ्यांवरून पडलीस, आता पुन्हा पडशील. त्याचं म्हणणं, तू हा एक हिवाळा ब्रेक्काला नीट काढलास तर तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर मेअखेर, शेतं सोडण्याच्या-धरण्याच्या दिवसांत, जमीन भाड्याने द्यायची आणि तू इथे माझ्या इमारतीत यायचं. मी कोणाच्याच बाजूची नाही. फक्त सांगितलं.

तुझी बहीण,
रान्वेग


ब्रेक्का, २४ ऑक्टोबर

रान्नी,

मेंढ्या कापून झाल्या, रक्ताच्या सॉसेजांनी फ्रीझर भरला, आणि माझ्या हातांना अजून वास येतोय, तो या कागदालाही लागेल. नाक मुरडू नकोस, तूही हेच खाऊन मोठी झालीस.

पाण्याचं सांगते. जोडणी करायला आलेला माणूस चांगला होता, कॉफीबरोबर त्याने पीळ घालून तळलेल्या गोड पोळ्या सात खाल्ल्या. तळघरात त्याने एक पितळेचं चपटं डबडं बसवलं आणि त्याला सील ठोकलं. म्हणाला, “आजी, एवढी धार तुमच्या नावावर. वापरा, नका वापरू, वर्षाचे पैसे तेच. तेव्हा मजेत वापरा.” मी म्हटलं, असं कोण विकतं? तो हसला. मला काही ते पटलं नाही. आधी मजेत वापरा म्हणायचं आणि वर्षाने बिलाचा कागद पाठवायचा.

पहिले तीन-चार दिवस काय सांगू तुला. सगळं घर पावासारखं ऊब धरून होतं. मी मोजे काढून चालत होते. मग तुझं पत्र आलं आणि माझी मलाच लाज वाटली. तू सांगितल्याप्रमाणे तुझी खोली, बैठक, ओद्दुरची खोली, सगळं बंद केलं. वरचा बोळही केला. फक्त स्वयंपाकघर आणि माझी निजायची खोली चालू ठेवली.

आता गंमत अशी की पाणी कोमट झालंय. रेडिएटरला हात लावला तर मांजराच्या पोटासारखा लागतो. मी निजायच्या खोलीची चावी जरा कमी केली, म्हटलं उरलेलं पाणी इकडे स्वयंपाकघरात जोरात येईल. तर आणखी कोमट. बोअर आटत असेल का? बोअर अशी महिन्याभरात आटते?

आणि आईचे चांदीचे चमचे काळे पडले. सहाच्या सहा. गरम पाण्यात धुतले होते फक्त. मला ते अशुभ वाटलं.

थोर्लाकुरला विचारायचं तर धीर होत नाही. पाणी त्याच्या शेतात निघालं तेव्हापासून तो असा चालतो, जणू त्यानेच ते तापवलंय. आता मी जाऊन म्हणू, तुझं पाणी गार आहे? आणि फोनवर तर नाहीच. सगळं खोरं ऐकणार.

हाल्बेरा


रेक्याविक, ८ नोव्हेंबर

प्रिय हाल्बेरा,

चमचे काळे पडतात ते जमिनीतल्या गंधकाने. इथे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चांदी थंड पाण्यात धुवायची. राख लावून घास, जाईल. त्यात अशुभ काही नाही.

पाण्याचं मात्र मला समजत नाही. मी चाळीस वर्षं गणित शिकवलं. ज्या टाकीला सहा नळ आहेत, तिचे चार बंद केले तर उरलेल्या दोनांना जास्त पाणी मिळतं. म्हणजे तुझं स्वयंपाकघर जास्त गरम व्हायला हवं. होत नाही, याचा अर्थ पाणी तुझ्यापर्यंत पूर्ण येत नाही. वाटेत कोण आहे? मेलार. थोर्लाकुरने काचेची भाजीवाडी बांधलीय असं तूच फोनवर सांगितलंस. नोव्हेंबरात टोमॅटो पिकवायला ऊब लागते. मी आरोप करत नाही. विचार करायला सांगते.

जोडणीवाल्याचं ते “वापरा, नका वापरू, पैसे तेच” मला मुळीच पटलेलं नाही. अशा बोलण्यानेच लोक बिघडतात. तू निजायच्या खोलीचाही रेडिएटर बंद कर, स्वयंपाकघरात नीज, आणि दारांच्या फटीत चिंध्या कोंब. बघू, मग तरी एका खोलीत ऊब राहते का.

इथे थंडी आहे पण घर उबदार आहे. परवा सेलमध्ये एक पलंग घेतला. चांगल्या लाकडाचा होता म्हणून. बाकी काही नाही.

रान्वेग


ब्रेक्का, ६ डिसेंबर

रान्नी,

तू सांगितलंस ते केलं. आता स्वयंपाकघरात निजते, कोट घालून. रेडिएटर अगदी थंड नाही, पण त्याच्याकडे पाठ करून बसलं काय आणि भिंतीकडे करून बसलं काय, सारखंच. म्हणून आजोबांच्या वेळची कोळशाची शेगडी काढली. धूर होतो, पण होतं. ओद्दुर फोनवर विचारतो, आई, घर गरम आहे ना? मी म्हणते, हो रे, घामाघूम आहे. फोनवर सगळे ऐकत असतात, त्यांनीही ऐकलं असेल.

आता नीट वाच, कारण मला स्वतःलाच समजेनासं झालंय.

गेल्या शनिवारी नाताळच्या पोळ्यांवर सुरीने नक्षी कापायला बायका माझ्याकडे यायच्या होत्या. यंदा माझी पाळी. सगळं घर बंद, चिंध्या कोंबलेल्या, आणि मी कोटात, हे त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. म्हणून पहाटेच उठून सगळे रेडिएटर उघडले. तुझ्या खोलीचासुद्धा, कारण कोणी ना कोणी वर डोकावतंच. शेगडी लपवली. मनात म्हटलं, निदान उघडे तरी दिसतील.

दुपारी बायका आल्या तेव्हा घर बऱ्यापैकी ऊब धरून होतं. संध्याकाळी कापायच्या सुऱ्या हातात घामाने घसरत होत्या. थोर्लाकुर बायकोला न्यायला आला, त्याने स्वेटर काढला आणि म्हणाला, “हाल्बेरा, तुझ्याकडे तर आमच्यापेक्षा छान आहे.” मी म्हटलं, हो तर. काय म्हणणार?

सगळे गेले, मी पुन्हा सगळं बंद केलं. दोन दिवसांत पुन्हा कोट.

म्हणजे तो येणार असला की पाणी गरम, आणि गेला की गार. पण थोर्लाकुर तसा माणूस नाही. आमचे हे गेले तेव्हा कबर खणायला तोच होता, गोठलेली जमीन पहारीने फोडली त्याने. मग हे काय आहे? तुला काय वाटतं?

हाल्बेरा


रेक्याविक, १४ डिसेंबर

प्रिय हाल्बेरा,

मला जे वाटतं ते मी तुला नव्हे, थोर्लाकुरला लिहिलं आहे. काल टपालात टाकलं. सभ्य भाषेत लिहिलं, पण स्पष्ट. शेजारच्या म्हातारीचं पाणी अडवून टोमॅटो पिकवणं शोभत नाही, असं.

तू भोळी आहेस. कबर खणली म्हणून माणूस पुढे पाणी अडवणारच नाही असं नसतं.

कोळशाची शेगडी बंद खोलीत रात्रभर पेटवू नकोस. माणसं त्याने मरतात. एवढं तरी ऐक. आणि ओद्दुरला खरं सांग. नाही जमत म्हणण्यात कमीपणा नाही. माझ्या दोन खोल्यांत जागा आहे. इथे खिडकीतून समुद्र दिसतो.

रान्वेग


ब्रेक्का, ६ जानेवारी १९८३

रान्वेग,

आज नाताळचे तेरा दिवस संपले. मेणबत्त्या काढून ठेवल्या. यंदा कॉफीला कोणी आलं नाही, आणि मीही कोणाकडे गेले नाही.

थोर्लाकुर तुझं पत्र घेऊन आला होता. दारात उभा राहिला. मी म्हटलं, आत ये, तर नाही. मी म्हटलं, कॉफी ठेवते, तर नाही. कधीच असं झालं नाही, चाळीस वर्षांत तो माझ्या दारातून कॉफी न घेता गेला नाही. त्याने पत्र पुढे केलं आणि एवढंच विचारलं, “हे तुला वाटतं का?” मी काय बोलणार? मला वाटत नव्हतं, पण वाटतही होतं. तो निघून गेला.

तो तळघरात जाऊन बघेल असं मला वाटलं होतं. का बघेल? मी त्याला गार आहे असं कधी सांगितलंच नव्हतं. आणि महिन्याभरापूर्वी तो इथेच स्वेटर काढून बसला होता. त्याच्या बाजूने विचार केला तर त्याला काय वाटलं असेल ते तूच सांग. घर उबदार, आणि बहिणीचं असं पत्र.

आता मी फोन उचलला की लाइनवर कोणीच नसतं. इतकी वर्षं लोक ऐकतात म्हणून मी चिडायचे. आता कोणी ऐकत नाही, ते जास्त वाईट आहे.

मला दहा दिवस खोकला होता. आता बरा आहे. ओद्दुरला काल सगळं सांगितलं. तो ओरडला नाही, म्हणून मला रडू आलं. त्याला म्हटलं, जमीन भाड्याने दे.

मी येते तुझ्याकडे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. समुद्र दिसतो म्हणालीस ना.

हाल्बेरा


रेक्याविक, १७ जानेवारी

प्रिय हाल्बेरा,

ठीक आहे. योग्य निर्णय.

सामान कमी आण. चमचे आण, मी घासून ठेवीन. तुझा लोकर कातायचा चरखा आणू नकोस, जागा नाही. किंवा आण, बघू. पलंग आधीच आहे. पडदे मी नव्याने शिवले, निळे, कारण तुला हिरवा आवडत नाही. तुला शेगडीजवळ झोपायची सवय लागली असेल म्हणून पलंग रेडिएटरपाशी सरकवून ठेवला आहे.

थोर्लाकुरला लिहिलेलं पत्र मी पुन्हा आठवून पाहिलं. त्यात चूक मला दिसत नाही. पण तू मला त्याच्या दाराबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं.

कोणत्या दिवशी निघशील ते कळव. बसस्थानकावर मी येईन.

रान्वेग


ब्रेक्का, १९ फेब्रुवारी

रान्नी,

बसस्थानकावर तू किती वेळ उभी राहिलीस ते ओद्दुरने सांगितलं. फोनच्या तारा पडल्या होत्या, कळवायला काही मार्ग नव्हता. रागावली असशील. राग बाजूला ठेव आणि हे शेवटपर्यंत वाच, मध्येच ओद्दुरला फोन करायला उठू नकोस.

निघायच्या आधी मला सगळ्या खोऱ्याला कॉफीला बोलवायचं होतं. निरोप न घेता घर सोडायचं, असं इथे कोणी करत नाही, थोर्लाकुरशी कितीही बिनसलं असलं तरी. तर बुधवारी पहाटे उठून मी सगळे रेडिएटर उघडले. मनात म्हटलं, आता कोणासाठी वाचवायचं? चिंध्या काढून जाळल्या. तुझ्या खोलीचा कॉक गंजल्यासारखा झाला होता, पक्कड लावून फिरवला.

आणि दुपारी वादळ आलं. असं वादळ मी लहानपणी एकदा पाहिलंय, तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. गोठ्याची भिंतसुद्धा दिसेना. कोणी आलं नाही. दुधाची गाडी नाही, दिवे गेले. केक झाकून ठेवला. उघडे रेडिएटर पुन्हा बंद करायचं माझ्या मनातही आलं नाही, इतकी मी दमले होते. म्हटलं, दोन दिवसांत गार होईल तेव्हा शेगडी काढू.

झालं नाही गार.

पहिल्या रात्री मी दोन शाली घेऊन निजले आणि उठले तेव्हा दोन्ही खाली पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कोट खुंटीला लावला. तिसऱ्या दिवशी मी लोकरीचे हातमोजे शोधत होते, सवयीने, आणि एकदम लक्षात आलं की माझे हात गरम आहेत. बाहेर घर पाडायला निघाल्यासारखा वारा, आणि आत मी ब्लाउजवर. आठवडाभर असं. मेलारहून इकडे यायला रस्ताच नव्हता, म्हणजे थोर्लाकुर येणार म्हणून पाणी सोडतोय, हेही नाही.

मग मी बसून विचार केला. तुझ्यासारखं गणिताने नाही. फाटकापुढचा ओढा आठव. तो वाहतो म्हणून कधी गोठत नाही, आणि त्याच्याच पाण्याचं डबकं ऑक्टोबरातच दगड होतं. दलदलीतून येणारा माझा पाइप लांब आहे, रान्नी. आणि त्यावर माझ्याखेरीज कोणी नाही. मी सगळं बंद करून स्वयंपाकघरात करंगळीएवढी धार ठेवली होती. ती मेलारहून निघून माझ्यापर्यंत यायला एवढा वेळ घेत होती की वाटेतच गार. जितकं मी वाचवत होते तितकं ते गार होत होतं. आणि वाचवून मिळत काहीच नव्हतं, कारण त्या पितळेच्या डबड्यात तेवढीच धार बांधलेली आहे. जोडणीवाला खरं बोलत होता. आपण दोघींनी मिळून त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

तुझ्या टाकीच्या हिशेबात तू पाणी मोजलंस, वाट मोजली नाहीस. माझ्यावर चिडू नकोस. तुझ्याकडे मीटर आहे, तिथे तुझं बरोबर असेल. तुला इथलं काय माहीत असणार? आणि मी तर इथेच राहते, तरी मला कळलं नाही.

वादळ उतरल्यावर पहिला आला तो थोर्लाकुर. ट्रॅक्टरने रस्ता उकरत. म्हातारी आत थिजली असेल असं त्याला वाटलं होतं. दार उघडलं आणि तो तिथेच थांबला, ऊब त्याच्या चष्म्यावर बसली. या वेळी आत आला. मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, चिंध्यांसकट. तू पत्र का लिहिलंस, तेही. त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, “आमच्या सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असतात, ते तुला दिसत नव्हतं का?”

मी म्हटलं, दिसत होतं. मला वाटायचं, तुमच्याकडे जास्त पाणी आहे म्हणून तुम्ही माजलात.

“आणि मला वाटायचं,” तो म्हणाला, “हाल्बेराच्या खिडक्या बंद असतात, तिला उकाडा सोसतो. माणसाला त्याच्या घरात कसं राहायचं हे शेजाऱ्याने कशाला सांगावं?”

मग तो इतका हसला की त्याने कप खाली ठेवला. आणि म्हणाला, “तुझ्या बहिणीला सांग, टोमॅटो तिला पाठवीन. तिला आवडोत न आवडोत.” केकही खाल्ला. आठवड्याचा शिळा.

ओद्दुरला मी सांगितलं. त्याने दोन दिवस विश्वास ठेवला नाही, मग मी त्याला फोनवर पुन्हा सगळं ऐकवलं, तेव्हा थोर्लाकुरने लाइनवर मधेच तोंड घातलं, मग मेलारची सून, मग तो खोकणारा. सगळे एकदम बोलत होते. इतका गोंधळ, इतकं बरं वाटलं मला. ओद्दुर म्हणाला, बरं आई, जमीन भाड्याने देत नाही.

तेव्हा मी येत नाही, रान्नी.

हे लिहायला इतकी पानं लागली, कारण मला तुझ्या पत्रातले पडदे दिसत होते. निळे. तू पलंग सेलमधून नोव्हेंबरात घेतलास आणि मला वाटलं, तुला लाकडाची हौस. इतके दिवस मला समजलं नाही, जसं पाणी समजलं नाही. तू मला एकदाही सांगितलं नाहीस की तुला एकटीला तिथे करमत नाही. तूही फक्त सूचना पाठवत राहिलीस.

आता तुला एक सूचना. या घरात आता कोणतीच खोली बंद ठेवता येत नाही. तुझी सुद्धा. तिचा रेडिएटर पूर्ण उघडा आहे, पाणी तिथून जातं म्हणून खाली मला ऊब मिळते. तू आलीस तरी ती खोली गरम राहणार, नाही आलीस तरी. खिडकी उघडी ठेवलीय, नाहीतर तिथे पाव भाजला जाईल. रात्री मी जिन्यात उभी राहिले तर तिथून ओढ्याचा आवाज येतो. लहानपणी तुला त्याने झोप यायची नाही.

हाल्बेरा


रेक्याविक, ३ मार्च

प्रिय हाल्बेरा,

टोमॅटो मिळाले. चार. चांगले होते. थोर्लाकुरला मी वेगळं पत्र लिहिलं आहे आणि त्यात एकाही गोष्टीचं स्पष्टीकरण दिलेलं नाही, फक्त क्षमा मागितली आहे. तेवढंच योग्य.

वाट मोजली नाही, हे बरोबर आहे. मी ते वर्गात कोणाला माफ केलं नसतं.

पलंग दुकानदार परत घेत नाही. गेले चार महिने मी तो धूळ झटकून ठेवते. परवा इमारतीतल्या दोघा मुलग्यांनी तो खाली नेला आणि काल तो किनाऱ्याने जाणाऱ्या मालजहाजावर चढला. थोर्लाकुरने ट्रॅक्टर घेऊन बंदरावर यावं. पलंग वरच्या पूर्वेकडच्या माझ्या खोलीत ठेवा, रेडिएटरपाशी नाही, खिडकीपाशी. गरम खोलीत रिकामा पलंग ठेवणं ही उधळपट्टी आहे, आणि उधळपट्टी मला चालत नाही हे तुला ठाऊक आहे. जहाज पोचल्यावर चार दिवसांनी मी बसने येईन.

निळे पडदे सोबत आणते. खिडकी उघडी असताना ते कसे राहतात ते बघायचं आहे.

रान्वेग